नसलेल्या रस्त्याची मोजणी

"आधी बूट काढा!"

दीपेश दचकला. तो एका शेवाळल्या दगडावर बसला होता, उजवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि पोटरीवरच्या जळवा मोजत होता. मोजणं हा त्याचा धंदाच. रत्नागिरीच्या एका सर्वेक्षण कंपनीत तो तीन वर्षं नोकरीला होता. पण आजवर त्याने जे जे मोजलं, त्यातलं काहीही उलटून त्याला चावलं नव्हतं.

समोर एक मुलगी उभी होती. अनवाणी. सलवार घोट्याच्या वर खोचलेली, गळ्यात दुर्बीण, केसांवर पावसाचे बारीक थेंब. चेहरा मात्र असा, की देवळात कुणीतरी पान खाऊन थुंकताना सापडलंय.

"बूट?" दीपेश म्हणाला. "मॅडम, इथे जळवा आहेत."

"माहितीये. त्या इथेच राहतात. तुम्ही कुठे राहता?"

"मूळ जयगडचा. सध्या रत्नागिरीत."

"म्हणजे पाहुणे तुम्ही, त्या नाहीत. ही वाघजाईची देवराई आहे. इथे पायात घालून कुणी येत नाही. मोठे साहेब आले तरी नाही."

"आले होते कधी?"

"नाही. वाडीच्या वर रस्ता नाही ना!" आणि हे सांगताना ती पहिल्यांदा हसली, घरातला दागिना दाखवल्यासारखी. "म्हणून तर जंगल आहे."

दीपेशने निमूटपणे बूट काढले. खाडीकाठच्या कोळ्याचा मुलगा तो. होडी उलटली असती तर घाबरला नसता, पण इथे जमीनच अंगावर चढत होती. तिने ओढणीच्या टोकाला बांधलेली मिठाची पुरचुंडी सोडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवताना तिची गार बोटं त्याच्या हाताला लागली... क्षणभरच. जळवा एकेक करून गळून पडल्या. पण त्या क्षणी दुसरंच काहीतरी येऊन थेट काळजाला चिकटलं, आणि त्यावर मीठ चालत नाही.

"नाव काय तुमचं?" त्याने विचारलं.

"रुचिरा. खाली किंजळवाडीत राहते. रानात फिरायला येणाऱ्यांना वर नेते, आणि खाली आणते. सगळे परत येतात." तिची नजर त्याच्या शेजारी पडलेल्या तिपाईकडे आणि लाल रंगाच्या डब्याकडे गेली. "हे काय?"

"मोजणी. रस्त्याची."

"कुठल्या रस्त्याची?"

दीपेशने नकाशा उघडला. खरं तर उघडायला नको होता. देवळापासून एक लाल रेघ निघत होती, देवराईला डाव्या अंगाने कापून, रानातून वळसे घेत थेट डोंगरमाथ्यावर. साडेतीन किलोमीटर लांब, बारा मीटर रुंद. माथ्यावर चौकोन होते. 'वाहनतळ, दोनशे गाड्या.' 'छायाचित्र स्थळ, तीन.' आणि एका कोपऱ्यात, हिरव्या शाईत: 'सुशोभीकरण, शोभेची झाडे पन्नास.'

रुचिराने ते दोनदा वाचलं.

"माथ्यावर कोण राहतं?"

"कुणी नाही."

"मग रस्ता कुणासाठी?"

"अहवालात लिहिलंय ना... 'रस्त्याअभावी सदर परिसर पर्यटनापासून वंचित.'"

"वंचित?" तिचा आवाज चढला. वरच्या फांदीवरून एक शेकरू खाली डोकावलं. "आमचा वहाळ ओलांडायचा लाकडी साकव पाच वर्षं मोडून पडलाय. पोरं कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत जातात. अर्ज दिला की उत्तर येतं, निधी नाही. आणि जिथे कुणी राहत नाही तिथे बारा मीटर! तिथे निधी कुठून येतो हो? आभाळातून पडतो?"

"मी फक्त मोजतो," दीपेश म्हणाला.

"तेच तर. या देशात सगळे फक्त काहीतरी करत असतात."

ती तरातरा निघून गेली. दहा पावलांवर थांबली, वळली. "त्या बाजूने उतरू नका. घसराल. इकडून या... दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे."

रागावलेल्या माणसाने वाट दाखवली की समजावं, राग पूर्ण नाही.

मोजणी चार दिवसांत व्हायला हवी होती. ती सोळा दिवस चालली. अहवालात कारण 'प्रतिकूल हवामान' असं गेलं. हवामानाचा त्यात काहीही दोष नव्हता. भाद्रपदातला पाऊस येऊन जाऊन होता, मध्येच ऊन पडत होतं, आणि ओल्या पानांवर ते असं चमकत होतं की कुणीही मोजायचं विसरावं. दीपेश रुचिराच्या आत्येकडे, यमुनाबाईंकडे उतरला होता. यमुनाबाई रानात येणाऱ्या पाहुण्यांना जेवण घालत. हा पाहुणा रस्ता मोजायला आलाय हे कळल्यावर त्यांनी त्याला पहिल्या दिवशी भाकरी वाढली, पण तूप वाढलं नाही. चौथ्या दिवशी त्याने स्वतः वहाळात उतरून दोन पोरांची दप्तरं डोक्यावरून पलीकडे नेली. त्या रात्री तूप आलं.

रुचिरा रोज सोबत असायची. 'लक्ष ठेवायला' असं ती म्हणायची.

"हे कसलं झाड?"

"सातवीण. आणि तुम्ही त्याला टेकलायत. टेकायचं असेल तर विचारून टेकावं."

"झाडाला विचारू?"

"मला विचारा. ते बोलत नाही, म्हणून तर तुमच्यासारख्यांचं फावतं."

"आणि तुला टेकायचं असेल तर कुणाला विचारायचं?"

ती दोन पावलं पुढे होती. थांबली नाही, वळली नाही... पण दीपेशला तिच्या कानाची पाळी दिसत होती. ती लाल झाली होती.

"आत्येला," ती म्हणाली. "आणि तिच्या हातात कोयता नसताना."

एका सोमवारी वाडीतली कुणाची तरी गाय हरवली, आणि दीपेशने देवळात वाघजाईचं गाऱ्हाणं पाहिलं. जयगडलाही गाऱ्हाणं घालत, पण इथली तऱ्हा वेगळी होती. रामा गुरव डोळे मिटून देवीला सांगत होता, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळी वाडी एका आवाजात 'होय म्हाराजा!' म्हणत होती. सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले. रामा श्वास घ्यायला थांबे, आवाजाला हेलकावा देई, आणि लोक शब्द कळायच्या आधीच होकार देऊन मोकळे होत. रुचिराही त्यात होती. भांडताना जिचा शब्द खाली पडत नसे, ती पोर डोळे मिटून, मान किंचित कलती करून 'होय म्हाराजा' म्हणत होती, आणि समईचा उजेड तिच्या पापण्यांवर हलत होता.

मोजणी संपवून परतल्यावर हे दीपेशने ऑफिसात सांगितलं. प्रेमात पडलेल्या माणसाला सांगायला कुणीतरी लागतं, आणि समोर विनोदसर होते. विनोदसर म्हणजे त्याचे वरिष्ठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 'श्वास घ्यायला थांबतो म्हणतोस?' एवढं एकच विचारलं. मग चहा मागवला. दीपेशला वाटलं, सरांना आपलं मन कळलं.

आश्विनात, नवरात्राच्या अष्टमीला, वाडीच्या देवळात ग्रामसभा ठेवली गेली. विषय एकच, रस्ता. रुचिराने दोन पानं लिहून काढली होती. अहवाल कसा खोटा, साकव का हवा, रान का राहायला हवं... गाऱ्हाणं झालं की ती उठणार होती. देवळातली कुठलीही सभा गाऱ्हाण्यानेच सुरू होते.

विनोदसर झब्बा घालून आले. हातात नारळ होता. सोबत कॅमेरेवाला होता. बूट त्यांनी अगदी नियमाप्रमाणे बाहेर काढून ठेवले.

रामा गुरवाने सुरुवात केली. "गे आये वाघजाये! तुजी सगली लेकरां आज तुज्या पायाशी उभी हायत..."

"होय म्हाराजा!"

"वहाळावरचा साकव मोडलाय, पोरांचे हाल व्हतायत, तो साकव व्हऊं दे..."

"होय म्हाराजा!"

रामा श्वास घ्यायला थांबला. आणि त्याच हेलकाव्यात, हात जोडून, विनोदसरांनी पुढचं उचललं. "आणि आई, तुझ्या डोंगरावर माथ्यापर्यंत मोठा रस्ता होऊ दे, लेकरांना रोजगार मिळू दे..."

"होय म्हाराजा!"

पन्नास-साठ तोंडांतून गेलं ते. त्यात रुचिराचंही तोंड होतं. तिने डोळे उघडले तेव्हा कॅमेऱ्याचा लाल दिवा तिच्यावरच रोखलेला होता. तिच्या हातातली दोन पानं तशीच राहिली.

"ठराव एकमताने मंजूर," विनोदसर म्हणाले. प्रसाद घेतला, कपाळाला लावला, गाडीत बसले आणि गेले.

दीपेश सभामंडपाच्या खांबापाशी उभा होता. रुचिरा सरळ त्याच्यासमोर आली.

"तो कुठे थांबतो, कधी थांबतो, हे त्यांना कुणी सांगितलं?"

त्याने नजर खांबाकडे वळवली.

"दीपेश!"

"मी... असंच सांगितलं होतं गं. कौतुकाने."

"कशाच्या?"

"गाऱ्हाण्याच्या." मग अगदी हळू, "आणि तुझ्या."

रुचिराच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. "माझं कौतुक करायचं होतं ना? मग मला सांगायचं. मी इथेच होते, सोळा दिवस. ऑफिसात कशाला नेलंस?"

आणि ती गेली. या खेपेला दहा पावलांवर थांबली नाही.

कायद्याने हरकत घ्यायला तीस दिवस होते. पण हरकत घेणार कोण? वाडी हादरून गेली होती. "देवीसमोर होय म्हटलंव," रामा गुरव घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आता नाय कसा म्हणायचा?" रुचिराने अर्ज लिहिला आणि घरोघर फिरली. लोक वाचत, मान हलवत, पाणी देत, आणि सही करत नसत. विनोदसरांच्या अहवालात, देवीची साक्ष जोडून, लिहिलं होतं: 'सदर पट्टा झुडपी असून किरकोळ वृक्ष साठ.' साठ! वाडीतल्या एकेका परड्यात याहून जास्त माड होते. पण ते खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं, तेही तिला कळत नव्हतं.

सभेनंतर पाचव्या दिवशी ती रानात गेली, तर एका झाडाच्या बुंध्यावर चुन्याची पांढरी रेघ. पुढच्यावर रेघ. त्याच्या पुढच्यावरही. देवराईच्या कडेला दगडावर एक बुटांचा जोड व्यवस्थित ठेवलेला होता. आणि आत, अनवाणी, चिखलात बरबटलेला, हातात वही घेऊन दीपेश झाडामागून झाड मोजत चालला होता. रजा टाकून आला होता. रात्री देवळाच्या ओसरीवर झोपत होता. यमुनाबाईंकडे जायची त्याची हिंमत झाली नव्हती.

रुचिराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणजे, झाडाआडून पाहिलं.

"ऐन," दीपेश स्वतःशी पुटपुटत वहीत लिहीत होता. "घेर एक मीटर चाळीस."

ती त्याच्या मागोमाग एक झाड पुढे सरकली.

"ऐन. एक मीटर दहा."

तिने ओठ दाबून धरले.

"ऐन..."

"किंजळ आहे तो!" रुचिरा उसळून झाडाआडून बाहेर आली. "किंजळ! आमच्या वाडीचं नाव ज्याच्यावरून पडलं ते झाड तुला ओळखता येत नाही? साल बघ. पान बघ. चुकीचं लिहिलंस तर तो माणूस तेवढ्यावरून सगळी वही खोटी ठरवेल!"

"हो," दीपेश म्हणाला. पेन्सिल घेतली, खोडलं, 'किंजळ' लिहिलं. मग वर न बघता म्हणाला, "माझ्याशी बोलू नकोस. फक्त नावं सांग."

"बोलत नाहीच आहे. नावं सांगतेय."

त्या दिवसापासून ती नावं सांगू लागली. बेहडा, उंबर, अंजनी, जांभूळ. ती पुढे, तो मागे. ढोलीत मागच्या उन्हाळ्यात धनेशाची मादी बसली होती ते झाड आलं, तेव्हा तिने नाव सांगितलं नाही. नुसती बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली. दीपेशने तिथे चुन्याची रेघ ओढायचं थांबवलं आणि वहीत लिहिलं: 'हे झाड विशेष.'

"का विशेष ते लिही," ती म्हणाली.

"लिहितो."

"आणि... मीपण होय म्हटलं होतं. तूच एकटा नाहीस."

त्याने मान वर केली. पानांतून गळणारं पाणी तिच्या गालावरून ओघळत होतं, आणि पाऊस तर केव्हाच थांबला होता.

त्या संध्याकाळी यमुनाबाई स्वतः देवळात आल्या. ओसरीवर रामा गुरव बसला होता, तोंड पाडून.

"रामा, तू देवीकडं मागितलंस का सायबाकडं?"

"देवीकडं."

"मग द्यायचा का नाय, ता देवी बगंल. ह्या मधल्यानं मधल्यामधी उचलून न्हेला कसा? माज्या अर्जावर दुसऱ्यानं हात मारला तर त्येला काय म्हणतत रे?"

रामाच्या डोळ्यांत हळूहळू असा संताप चढला, जो तीस वर्षं पूजा केलेल्या माणसालाच चढू शकतो. "देवीच्या दारात चोरी झाली!" तो ओरडला. सकाळपर्यंत अर्जावर वाडीतल्या प्रत्येक घराची सही होती. पहिली सही रामाची.

हरकतींची सुनावणी देवरुखला झाली, शुक्रवारी. समोर एक चष्मेवाल्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी आधी ग्रामसभेचं चित्रण पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"हे सगळे डोळे मिटून का आहेत?" त्यांनी विचारलं.

"भक्तिभाव," विनोदसर म्हणाले.

"ठरावाचा विषय वाचून दाखवलेला दिसत नाही कुठे."

"भावना पोचल्या, मॅडम."

मागच्या बाकावरून दीपेश उठला. त्याने वही टेबलावर ठेवली. "प्रत्यक्ष मोजणी, मॅडम. दोन हजार नऊशे चौदा झाडं. नावं, घेर, जागा. अहवालात साठ आहेत. उरलेली झुडपं नाहीत. मी त्यांना हात लावून आलोय."

"हा आमचा माणूस नाही," विनोदसर म्हणाले.

"कधीपासून?"

"आत्तापासून."

बाईंनी चष्मा काढून वही चाळली. बराच वेळ. मग रुचिराकडे वळल्या. "पण लोकांनी निसर्ग बघायला यावं, हे तर चांगलंच आहे ना?"

"येतात की!" रुचिरा म्हणाली. हातातली दोन पानं तिने उघडलीच नाहीत. "मागच्या हिवाळ्यात अकराशे माणसं आली. चालत. चार तास वर, तीन तास खाली. आमच्या घरी जेवतात, राहतात. मुंबईची एक बाई वरती बसून नुसती रडली. म्हणाली, वीस वर्षांत पहिल्यांदा हॉर्न ऐकू आला नाही. रस्ता झाला तर ती गाडीतून येईल, गाडीतूनच फोटो काढेल आणि वेफर्सची पिशवी टाकून परत जाईल. ज्यासाठी लोक येतात तेच मोडून त्यांना ते दाखवायचं? याला तुमच्यात विकास म्हणतात? आमच्यात नासाडी म्हणतात."

बाईंनी काहीतरी लिहिलं. नवीन वृक्षगणना, नवीन ग्रामसभा, विषय आधी वाचून दाखवून. तोवर प्रकरण स्थगित.

देवरुखच्या एसटी स्टँडवर दोघं बाकावर बसली होती. मधे एका माणसाएवढी जागा.

"स्थगित म्हणजे काय?" रुचिराने विचारलं. अजून धुसफुसतच होती. "सरळ रद्द का नाही करत? खोटं पकडलंय ना?"

"स्थगित म्हणजे फाईल मेली नाही. झोपलीये. कुणीही येऊन हलवली की उठेल."

"मग?"

"मग कुणीतरी तिच्या उशाशी बसायला हवं. फाईल रत्नागिरीत असणार. मी दर सोमवारी जाऊन विचारीन, काही हालचाल? आणि शनिवारी येऊन तुला सांगेन."

"आणि नोकरी?"

"आई म्हणालीये, पालीच्या बाजारात मासे विकायला माणूस हवाय. आठवड्याचे तीन दिवस. बाकीचे रिकामे."

"फोनवरही सांगता येईल."

"हो..." त्याचा चेहरा पडला. "फोनवरही येईल."

"पण मला फोनवरचं खरं वाटत नाही," ती समोरच्या फलाटाकडे बघत म्हणाली. "तोंडावर सांगितलेलं बरं."

"आणि हालचाल काही नसली तर?"

"तर तेही तोंडावर."

मधली जागा थोडी कमी झाली. कोण सरकलं ते सांगता येणार नाही.

"रुचिरा, फाईलखेरीज एक गोष्ट आहे. ऑफिसात नाही सांगितली. कुणालाच नाही. तू मला... खूप..."

"सांग की पूर्ण. सुनावणीत तर धडाधड बोललास."

"आवडतेस."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, सरळ, बराच वेळ. डोळ्यांत राग होता तसाच, पण आता तो दुसऱ्या कुणावर तरी होता. "हे मला सांगायला दोन हजार नऊशे चौदा झाडं लागली तुला?"

तेवढ्यात किंजळवाडीच्या बाजूची गाडी लागली. ती चढली, खिडकीशी बसली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. दीपेश खाली उभा राहिला. हात हलवावा की नाही, ठरवत.

खिडकीची काच खडखडत सरकली. "आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"मग एक दिवस आधी आलास म्हणून काही बिघडत नाही," रुचिरा म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली.

गाडी सुटता सुटता तो चढला. कंडक्टर तिकिटाचं यंत्र सरसावत आला. "कुठं?"

दीपेशने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "किंजळवाडी. दोन."